मतें आणि व्रतें

रविवारीं सकाळीं अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत, किंवा तिकडे घाटकोपरापासून मुलुंडपर्यंत कोणी सहज फेरफटका मारील, तर त्यास ख्रिस्ती उपासनेचीं दोन भिन्न रूपें दिसतील. एका बाजूस जुन्या गांवठाणांतील देवळांच्या घंटा वाजत असतात. पिढ्यान् पिढ्या तेथेंच बाप्तिस्मा घेतलेलीं, तेथेंच लग्नें लाविलेलीं व तेथल्याच भूमींत वाडवडिलांस पुरलेलीं कुटुंबें मिस्सेस चाललेलीं असतात. दुसऱ्या बाजूस एखाद्या शाळेचें सभागृह, एखाद्या इमारतीचा वरचा मजला, क्वचित् कोणाच्या घरची बैठकीची खोली, अशा भाड्याच्या वा उसन्या जागेंत थोडीं माणसें जमतात आणि मराठी, हिंदी, तामिळ, मल्याळम् अशा नाना भाषांत प्रार्थना करितात. पहिल्यांस शेजारीपाजारी इतके सरावले आहेत कीं त्यांच्याविषयीं कोणी कांहीं विचारीत नाहीं. दुसऱ्यांविषयीं इतके साशंक आहेत कीं त्यांचें कोणी कांहीं वाचीत नाहीं. "हे लोक आमचीं माणसें बाटवितात काय?" एवढा एक प्रश्न विचारला म्हणजे आपलें कर्तव्य संपलें, अशी सर्वसाधारण समजूत आहे.

या नव्या मंडळ्यांपैकीं पुष्कळ, सभासद होऊं इच्छिणाऱ्याच्या हातीं एक लेखी कागद देतात. त्या कागदाचे दोन भाग असतात. पहिल्यांत आपण काय मानतों तें सांगितलेलें असतें; दुसऱ्यांत आपण कसें वागूं तें लिहिलेलें असतें. पहिलीं मतें, दुसरीं व्रतें. आज आम्हांस या कागदाचाच विचार कर्तव्य आहे. मतें खरीं कीं खोटीं याचा निवाडा करण्यास आम्ही बसलों नाहीं. ईश्वराच्या दरबारांतील खटला वर्तमानपत्राच्या कचेरींत चालत नसतो. परंतु व्रत पाळलें जातें कीं नाहीं, आणि तें पाळण्याची किंमत प्रत्यक्षांत कोण देतो, हें पाहण्याचा अधिकार समाजास निश्चितच आहे. कारण व्रत हें मनांत राहत नाहीं, तें बाजारांत, घरांत व शेजारांत येऊन उभें राहतें.

मतांचा भाग थोडक्यांत सांगतां येईल. पवित्र शास्त्र ईश्वरप्रेरित आहे. परमेश्वर एकच असून पिता, पुत्र व पवित्र आत्मा असें त्याचें त्रैक्य आहे. मनुष्याचें तारण त्याच्या पुण्यसंचयानें होत नसून देवाच्या कृपेनें व येशू ख्रिस्तावरील विश्वासानें होतें. ख्रिस्त वधस्तंभावर मेला, पुन्हां उठला व पुन्हां येणार आहे. येथवर जुन्या व नव्या मंडळ्यांत फारसा भेद नाहीं. भेद पडतो तो बाप्तिस्म्यापाशीं. रोमन कॅथॉलिक देवळांत तान्ह्या मुलास बाप्तिस्मा देतात व त्याच्या वतीनें आईबाप आणि धर्ममातापिता वचन उच्चारतात. नव्या मंडळ्यांपैकीं पुष्कळांचें म्हणणें असें कीं, ज्यास कळूं लागलें आहे अशा माणसानेंच स्वतःच्या मुखानें विश्वास कबूल करावा आणि मग पाण्यांत बुडी घ्यावी. बाहेरच्यास हा वाद क्षुल्लक वाटेल. पण प्रतिज्ञा वारशानें येते कीं ती प्रत्येकानें स्वतः करावयाची, हा त्यांतला मूळ प्रश्न आहे, आणि तो एकट्या ख्रिस्त्यांचा नाहीं.

व्रतांचा भाग मंडळीपरत्वें थोडाफार बदलतो. तरी त्याचा सांगाडा ठरलेला आहे. रविवारची उपासना चुकवूं नये. रोज शास्त्रवाचन व प्रार्थना करावी. उत्पन्नाचा दशांश मंडळीच्या कार्यास द्यावा. मद्य, तंबाखू व जुगार यांस शिवूं नये. विवाहाबाहेर स्त्रीपुरुषसंबंध ठेवूं नये. विवाह करावयाचा तो विश्वासणाऱ्याशींच करावा. पाठीमागें कोणाची निंदा करूं नये. आणि यांतील कांहीं मोडल्यास वडील मंडळींनीं समज द्यावी ती निमूटपणें ऐकावी.

हें सारें परकीय आहे असें ज्यास वाटेल त्यानें आपल्याच आळींत पाहावें. गळ्यांत तुळशीची माळ घातलेला वारकरी मद्यमांस सोडतो, एकादशी धरितो, पंढरीची वारी चुकवीत नाहीं. माळ घातल्यावर शब्द मोडणें म्हणजे काय हें त्यास कोणी शिकवावें लागत नाहीं. घाटकोपर-मुलुंडच्या पेठांतील जैन गृहस्थास सत्य, अस्तेय व परिग्रहाची मर्यादा हीं अणुव्रतें बाळपणापासून ठाऊक असतात. तेव्हां व्रत घेऊन राहणाऱ्या माणसास हंसण्याचें आपणांस कारण नाहीं. फरक आहे तो इतकाच कीं येथें व्रत लेखी आहे, सामुदायिक आहे, आणि तें मोडणाऱ्यास जाब विचारण्याचा अधिकार सोबत्यांस आगाऊ दिलेला आहे.

या लेखी व सामुदायिक व्रताचा एक इतिहास आहे व तो आमच्या व्यापारी वाचकांस विशेष मनोरंजक वाटेल. अठराव्या शतकांत इंग्लंडांत जॉन वेस्ली यानें जी चळवळ केली तीस पुढें मेथडिस्ट पंथ हें नांव पडलें. १७४२ सालीं ब्रिस्टल शहरीं प्रार्थनामंदिराचें कर्ज फेडण्यास माणशीं दर आठवड्यास एक पेनी जमविण्याकरितां त्यांनीं बारा-बारा जणांचे वर्ग पाडले. नायक घरोघर पेनी मागावयास जाऊं लागला तों त्यास सोबत्यांचें खरें वर्तन दिसूं लागलें, आणि वर्गणी गोळा करण्याची युक्ति आचरण तपासण्याची संस्था होऊन बसली. पुढच्याच वर्षीं, १७४३ सालीं, वेस्लीनें जे नियम छापिले त्यांत दारू पिऊं नये इतकेंच नाहीं; दारूची खरेदीविक्रीही करूं नये, जकात चुकविलेला माल घेऊं वा विकूं नये, बेकायदा व्याज घेऊं वा देऊं नये, फेडण्याचा संभव नसतां कर्ज काढूं नये किंवा उधारीवर माल उचलूं नये, सौदा करतांना व्यर्थ बडबड करूं नये, असें स्पष्ट सांगितलें आहे. म्हणजे वेस्लीचा धर्म रविवारीं देवळांत सुरू होऊन सोमवारीं दुकानाच्या गल्ल्यापाशीं येऊन बसला होता. हाच पंथ घेऊन विल्यम टेलर हा अमेरिकन उपदेशक १८७१ सालीं मुंबईस आला व लोकांच्या राहत्या घरांतून त्यानें असेच वर्ग भरविले. भारतांतील ती मंडळी १९८१ सालीं स्वायत्त झाली.

आतां उपनगरांतील आजचा कागद त्या जुन्या नियमांशेजारीं ठेवून वाचावा. त्यांत तंबाखू आहे, पण जकात नाहीं. मद्य आहे, पण खोटें बिल नाहीं. कामगाराचा पगार वेळेवर द्यावा, वस्तु व सेवा कर बुडवूं नये, घरकामाच्या बाईस आठवड्याची सुटी द्यावी, हीं वाक्यें आम्हांस त्यांत सहसा आढळलीं नाहींत. तोंडांत काय घालावें याची चर्चा लांब, आणि हातानें काय घ्यावें याची आंखूड! ज्या ख्रिस्तानें खाण्यापिण्याच्या विटाळापेक्षां अंतःकरणांतून निघणाऱ्या विटाळाकडे बोट दाखविलें, त्याच्या नांवानें निघालेल्या कागदांत हें प्रमाण उलटें पडावें, हें आश्चर्य नव्हे काय? तथापि याचें कारण गूढ नाहीं. विडी सोडलेली शेजाऱ्यास दिसते; खोटी वही फाडलेली कोणास दिसत नाहीं. जें दिसतें त्याचें व्रत सोपें. जें दिसत नाहीं त्याचेंच व्रत कठीण.

जुन्या देवळांकडे पाहिलें तर हीच गोष्ट अधिक खोलवर आढळते. १५३४ सालीं गुजरातच्या बहादुरशहानें वसई व तिच्या भोंवतालचा मुलूख पोर्तुगीजांस दिला, आणि त्यांच्या सत्तेबरोबर साष्टी बेटांत पाद्री आले. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वराच्या शैव लेण्याचें फ्रान्सिस्कनांनीं प्रार्थनास्थान केलें. तेथें दगडांत कोरलेला क्रूस आजही दिसतो. त्या काळच्या धर्मांतरांत राजसत्तेचें दडपण व लालूच यांचा भाग होता, हें सत्य लपवून उपयोग नाहीं. परंतु सत्याचा दुसराही अर्धा भाग आहे. १७३७ ते १७३९ या काळांत साष्टी व वसई मराठ्यांच्या हातीं आली. पोर्तुगीजांचा आधार गेला. मंडपेश्वरासारखीं स्थानें ओस पडलीं. ज्या श्रद्धेच्या पाठीशीं केवळ तलवार असते ती तलवारीबरोबर जावयास हवी होती. ती गेली नाहीं. गांवोगांवचा शेतकरी, कोळी, कारागीर आपल्या क्रूसापाशीं तसाच राहिला. मरोळजवळच्या कोंडिविटे येथें १५७९ सालीं जेझुइटांनीं बांधलेलें संत योहानाचें देऊळ १८४० सालच्या सांथींत सोडून द्यावें लागलें व मंडळी मरोळास गेली. आज त्याचे भग्नावशेष सीप्झच्या औद्योगिक आवारांत आहेत, आणि वर्षांतून एकदां, मे महिन्यांत, भाविक तेथें जमून मिस्सा करितात. पडक्या भिंतींपाशीं जाऊन प्रार्थना करणाऱ्या माणसांस लालूच कोण दाखवितो? वारशानें आलेलें व्रतही मनुष्य कालांतरानें आपलेंसें करूं शकतो, याचा हा उत्तम पुरावा आहे.

हे लोक उपरे नाहींत, हेंही वाचकांनीं लक्षांत घ्यावें. त्यांची घरची बोली मराठी. भाताचें पीक हातीं आलें म्हणजे पहिलीं कणसें देवळांत नेऊन ते आगेरा करितात. लग्नाच्या आदल्या दिवशीं उंबराचें पाणी आणण्याची त्यांची चाल कोणत्याही पाद्र्यानें रोमाहून आणलेली नाहीं. गोवें व मंगळूर येथून आलेल्या ख्रिस्त्यांहून आपण निराळे, येथलेच मूळचे रहिवासी, हें सरकारास कळावें म्हणून १८८७ सालीं, राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षीं, त्यांनीं 'ईस्ट इंडियन' हें नांव घेतलें. लोकमान्यांचे सहकारी व पुढें मुंबईचे महापौर झालेले काका बाप्टिस्टा याच समाजांतले.

परंतु ज्यानें चारशें वर्षें श्रद्धा टिकविली त्याच समाजानें चारशें वर्षें आणखी एक गोष्ट टिकविली, आणि ती म्हणजे जात. वसई-साष्टीच्या ख्रिस्ती लोकांत सामवेदी, वाडवळ, कोळी, भंडारी, कुंभार हे भेद बाप्तिस्म्याच्या पाण्यानें धुवून गेले नाहींत. एकाच वेदीपुढें गुडघे टेकणारीं कुटुंबें सोयरीक जुळवितांना आपापल्या वाटेनें जात. शिक्षणानें व शहरवासानें हीं बंधनें आज सैल झालीं आहेत, हें आम्ही आनंदानें मान्य करितों. पण सैल होणें निराळें आणि सोडणें निराळें. भारतांतील कॅथॉलिक बिशपांच्या परिषदेनें डिसेंबर २०१६ मध्यें दलितांच्या उन्नतीविषयींचें धोरण प्रसिद्ध केलें आणि चर्चमध्यें जातिभेद चालतो व तो घोर सामाजिक पाप आहे हें मोकळेपणानें कबूल केलें. आपल्या घरचें पाप चव्हाट्यावर सांगण्यास धैर्य लागतें. त्या धैर्यास आम्ही वंदन करितों. मात्र ठराव धर्माध्यक्षांनीं केला. त्याची अंमलबजावणी मुलामुलींच्या आईबापांनीं करावयाची आहे.

या प्रश्नास कायद्याचें एक दुःखदायक अंग आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानें अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेविला. १९५६ सालीं तो शिखांस व १९९० सालीं बौद्धांस देण्यांत आला. ख्रिस्ती झालेला दलित त्या यादीबाहेर राहिला. कायदा म्हणतो, ख्रिस्ती धर्मांत जात नाहीं, सबब तुझी जात गेली. आणि लग्नाच्या बैठकींतील सोयरे त्यास हळूच विचारतात, "तुमचे मूळचे कोणते?" सवलतीपुरती जात गेली, अपमानापुरती राहिली! दोन दगडांमध्यें सांपडलेल्या या माणसाचा प्रश्न कायदेमंडळ सोडवील तेव्हां सोडवो. देवळाच्या उंबरठ्याच्या आंत त्याचें उत्तर आजच देतां येण्यासारखें आहे. नव्या मंडळ्यांच्या कागदांत "विवाह विश्वासणाऱ्याशींच करावा" असें वाक्य आहे. त्यापुढें "आणि त्याची जात विचारूं नये" हे पांच शब्द जोडण्यास किती शाई लागते?

पण त्या पांच शब्दांची किंमत शाईंत मोजावयाची नसते. ती काय असते याचा धडा मुंबईनें एकदां घेतलेला आहे, आणि तो ख्रिस्त्यांचा नसून आमचा, हिंदु सुधारकांचा आहे. १८४९ सालीं येथें परमहंस सभा निघाली. दादोबा पांडुरंग, राम बाळकृष्ण यांसारखे विद्वान् तींत होते. ईश्वर एक, मूर्तिपूजा व्यर्थ, जातिभेद खोटा, हीं त्यांचीं मतें. आणि सभासद होणाऱ्यानें ख्रिस्ती माणसानें भाजलेला पाव सर्वांसमवेत खावा, हें त्यांचें व्रत. पण सारें दार लावून! सर्वांचा विचार असा कीं, मंडळी वाढली म्हणजे मग उघड करूं. १८६० सालीं सभासदांच्या नांवांची वहीच चोरीस गेली. नांवें बाहेर फुटणार या भयानें सभा जी विस्कटली ती पुन्हां जमली नाहीं. त्याच सभेंत कांहीं काळ असलेले बाबा पदमनजी यांनीं १८५४ सालीं उघडपणें बाप्तिस्मा घेतला. त्यांचें मत कोणास पटो वा न पटो. ज्याचा विश्वास बसला त्यानें तो दार उघडून सांगितला आणि त्याची किंमत स्वतः दिली, हा फरक आम्हीं लपवून ठेवूं नये. आत्माराम पांडुरंग प्रभृतींनीं १८६७ सालीं प्रार्थनासमाज स्थापिला तेव्हां सभा उघडपणें भरविली, यावरून तो धडा अगदींच वायां गेला नाहीं असें दिसतें. नांवांची वही चोरीस गेली असतां जें व्रत मोडतें, तें घेतलेंच नव्हतें असें समजावें.

दुसरी कसोटी स्त्रियांची. ख्रिस्ती विवाह आजन्म बंधनकारक मानिला आहे. कॅथॉलिक पंथांत तर तो संस्कारच असून घटस्फोटास तेथें स्थान नाहीं. निष्ठेचें हें व्रत उदात्त आहे यांत शंका नाहीं. पण एकाच व्रताचें ओझें दोन खांद्यांवर सारखें पडलें होतें काय? १८६९ च्या घटस्फोटाच्या कायद्यानें नवऱ्यास बायकोचा व्यभिचार सिद्ध केला कीं मोकळें होतां येत असे. बायकोस मात्र बहुधा नवऱ्याच्या व्यभिचाराबरोबर त्याची क्रूरता किंवा त्यानें केलेला त्याग हाही सिद्ध करावा लागे. मार खाणाऱ्या, टाकून दिलेल्या स्त्रीस तेवढ्यावरून सुटका नव्हती. हा अन्याय एकशें अठ्ठावीस वर्षें चालला. १९९७ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें त्या कलमांतील विषमता घटनाबाह्य ठरविली, आणि २००१ सालीं संसदेनें कायदा दुरुस्त करून स्त्रीपुरुषांस सारखीं कारणें दिलीं. कायदा सुधारला, आतां पाळकाच्या खोलींत काय चालतें तें पाहावयाचें आहे. सुजलेल्या गालानें आलेल्या स्त्रीस "क्षमा कर, प्रार्थना कर, घरीं परत जा" एवढेंच सांगितलें जात असेल, तर तेथें व्रताचें नांव घेऊन अत्याचारास आसरा दिला जात आहे. क्षमा हा दुखावलेल्याचा अधिकार आहे. दुखविणाऱ्याचा तो हक्क नव्हे. नवऱ्यास जाब विचारण्याचें व्रत कागदावर नसेल, तर बायकोस सोसण्याचें व्रत सांगण्याचा कोणासही अधिकार नाहीं.

तिसरी कसोटी पैशाची. दशांश म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग. महिना तीस हजार मिळविणारा माणूस तीन हजार देतो. मुंबईच्या उपनगरांत तेवढ्यांत मुलाच्या शाळेची फी किंवा म्हातारीचें औषध होतें. एवढा त्याग करणाऱ्या माणसाबद्दल आमच्या मनांत आदर आहे. पण ज्याच्या हातीं तो पैसा पडतो त्यानेंही कांहीं व्रत घेतलें आहे कीं नाहीं? या शहरानें तशीं माणसें पाहिलेलीं आहेत. जॉर्ज बोवेन हा अमेरिकन मिशनरी १८४८ सालीं मुंबईस आला; लवकरच त्यानें मिशनचा पगार सोडून दिला, गरिबांच्या वस्तींत साधेपणानें राहिला व १८८८ सालीं येथेंच वारला. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं १९१७ सालीं मिशनचें वेतन सोडलें आणि 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तासही त्यांत जागा होती. प्रत्येक पाळकानें पगार सोडावा असें आमचें म्हणणें नाहीं. मुलेंबाळें त्यासही आहेत. आमचें म्हणणें इतकेंच कीं, हिशेब दाखवावा. सार्वजनिक विश्वस्तसंस्थांच्या १९५० च्या कायद्याप्रमाणें नोंदणी व हिशेबतपासणी आहेच. परंतु धर्मादाय आयुक्तांच्या कचेरींतील फडताळांत पडलेला ताळेबंद निराळा, आणि प्रार्थनागृहाच्या दारावर चिकटविलेला जमाखर्च निराळा. दुकानदार आपल्या भागीदारास वर्षअखेर वही दाखवितो; देवाच्या नांवानें भागी केलेल्यांस त्याहून कमी दाखवून कसें चालेल?

शेवटीं, येण्याचें व जाण्याचें स्वातंत्र्य. भारतीय राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदानें प्रत्येकास सदसद्विवेकबुद्धीचें स्वातंत्र्य दिलें आहे. तें सार्वजनिक सुव्यवस्था, नीति व आरोग्य यांच्या अधीन आहे. याचा अर्थ दोन्ही बाजूंनीं नीट समजून घ्यावा. आजारी माणसाच्या उशाशीं बसून औषधाच्या बदल्यांत बाप्तिस्मा मागणें हें जितकें नीच, तितकेंच सभागृहांत शांतपणें प्रार्थना करणाऱ्या माणसांवर धावून जाऊन जागेच्या मालकास धमकावणें हें नीच. टिळकांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं तो १९०० सालीं घेतला. मधलीं पांच वर्षें वियोगाचीं, रागाचीं व विचाराचीं होतीं. नवरा गेला म्हणून बायको ओढली गेली नाहीं. तिनें आपला निर्णय आपल्या वेळीं केला. पंडिता रमाबाईंनीं १८८३ सालीं इंग्लंडांत बाप्तिस्मा घेतला, पण आपली बुद्धि कोणत्याही धर्माधिकाऱ्याच्या स्वाधीन करण्याचें त्यांनीं साफ नाकारलें. धर्मांतर कसें असावें याचा याहून चांगला नमुना आम्हांस ठाऊक नाहीं.

जसें येण्याचें, तसेंच जाण्याचेंही. प्रतिज्ञा मोडणाऱ्यास मंडळीनें समज द्यावी, फार झालें तर सभासदांच्या यादींतून नांव कमी करावें. पण त्याच्या म्हाताऱ्या आईशीं बोलणें तोडणें, त्याच्या बहिणीचें लग्न अडविणें, मेल्यावर त्यास मूठभर माती नाकारणें, हे शिस्तीचे प्रकार नव्हेत. हा तर आमच्या जुन्या ग्रामण्याचाच अवतार झाला. ग्रामण्याचे हाल भोगून जे आमच्यांतून बाहेर पडले त्यांनीं तें बरोबर नेऊं नये, एवढी विनंति करण्याचा आम्हांस हक्क आहे.

येथवर आम्हीं दुसऱ्याच्या कागदावर टीपा लिहिल्या. आतां, वाचकहो, आपला कागद पुढें करा. आपल्या ज्ञातिसभेचा, आपल्या उत्सवमंडळाचा, आपल्या सहकारी गृहसंस्थेचा असा एखादा कागद आहे काय? गृहसंस्थांच्या नियमावलींत मोटार कोठें उभी करावी हें आढळेल. परंतु भाडेकऱ्याचा धर्म व जात विचारूं नये असें व्रत कितींनीं घेतलें आहे? वर्गणी दारोदार मागितली जाते. पण शेवटच्या पैचा हिशेब कितीजण देतात? हुंडा घेणाऱ्याच्या घरीं जेवावयास जाणार नाहीं, अशी सही कोणत्या ज्ञातिसभेनें आपल्या चालकांकडून घेतली आहे? ख्रिस्ती मंडळींचा कागद अपुरा आहे, हें आम्हीं वर दाखविलें. पण अपुरा कां होईना, तो आहे, त्याखालीं सही आहे, आणि ती सही पुढें करून त्यांस जाब विचारतां येतो. ज्याच्यापाशीं कागदच नाहीं त्यास कशाच्या आधारें विचारावें?

म्हणून आमची सूचना साधी आहे. उपनगरांतील प्रत्येक मंडळीनें, जुन्या देवळानें व नव्या प्रार्थनागृहानें, आपल्या व्रतांत चार वाक्यें जोडावींत: सोयरिकींत जात विचारणार नाहीं, घरांत हात उगारणाऱ्यास मंडळीपुढें उभें करूं, जमाखर्च दारावर लावूं, येणाऱ्यास ओढणार नाहीं व जाणाऱ्यास छळणार नाहीं. आणि आमच्या हिंदु, जैन, मुसलमान वाचकांनीं, यांतील प्रत्येक वाक्य आपल्या संस्थेसही लागू पडतें असें दिसल्यास, तें उतरून घेण्यास लाजूं नये. चांगल्या व्रतावर कोणत्याही धर्माचा मक्ता नाहीं. मतें ज्याचीं त्याला लखलाभ असोत. शेजारधर्म चालतो तो व्रतांवर.